घराची अंतर्गत रचना आणि इंटिरिअर डिझायनरचा व्यवसाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या व्यवसायात येऊ पाहणारे विद्यार्थी आणि घराचे काम काढण्याच्या विचारात असलेली कुटुंबे यांच्याकडून एक इंटिरिअर डिझायनर म्हणून मला सतत विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. जेथे एका उत्तराचा विषय दुसऱ्या उत्तरात शिरतो, तेथे पुनरुक्ती टाळण्यासाठी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वास्तुविशारद, इंटिरिअर डिझायनर आणि सजावटकार यांच्या कामात नेमका फरक काय?

वास्तुविशारद इमारत उभी करतो. तिचा सांगाडा, भिंती, जिने आणि खिडक्या ही त्याची जबाबदारी असते. सजावटकार तयार खोलीत पडदे, गालिचे, फर्निचर आणि चित्रे यांची निवड व मांडणी करतो. इंटिरिअर डिझायनरचे काम या दोहोंच्या मध्ये येते. दार कोणत्या बाजूला उघडावे, कपाटाचे दार पलंगाला अडते का, अंधारात चाचपडणाऱ्या हाताला दिव्याचे बटण सहज लागते का, नळाची आणि विजेची जोडणी कोणत्या भिंतीतून न्यावी, हे सगळे तो ठरवतो आणि त्याचे आराखडे काढतो. प्रत्यक्षात या सीमा पुसट असतात. काही ठिकाणी ‘इंटिरिअर डिझायनर’ ही उपाधी लावण्यासाठी कायद्याने नोंदणी किंवा परीक्षा आवश्यक असते, तर काही ठिकाणी तसे कोणतेच बंधन नसते. म्हणून उपाधीपेक्षा त्या व्यक्तीने काढलेले आराखडे पाहावेत.

२. हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून केव्हा सुरू झाला?

घरे सजवली जात होती ती फार पूर्वीपासून, पण ते काम सुतार, विणकर आणि गादी-पडदे करणारे कारागीर आपापल्या परीने करत. संपूर्ण घराचा एकत्रित विचार करून त्याचे शुल्क घेणारी व्यक्ती म्हणून ज्यांचे नाव बहुधा प्रथम घेतले जाते, त्या एल्सी डी वुल्फ या मूळच्या रंगभूमीवरील अभिनेत्री होत्या. न्यू यॉर्कमधील कॉलनी क्लब या स्त्रियांच्या क्लबच्या अंतर्गत सजावटीचे काम त्यांना १९०५ मध्ये मिळाले आणि १९०७ मध्ये तो क्लब खुला झाला. त्या काळच्या काळपट लाकडाला आणि जड पडद्यांना फाटा देऊन त्यांनी फिकट रंग, छापील सुती कापड आणि भिंतींवर लाकडी पट्ट्यांची जाळी वापरली. पुढे या क्षेत्राला औद्योगिक उत्पादनाची आणि मोजमापाची शिस्त लागली. त्याविषयी प्रश्न ६ मध्ये अधिक लिहिले आहे.

३. या विषयाची पदवी नसताना या क्षेत्रात येता येते का?

येता येते, आणि त्याची थोर उदाहरणे आहेत. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या डिझायनर आयलीन ग्रे यांचे शिक्षण चित्रकलेचे होते; पॅरिसमध्ये जपानी कारागीर सेइझो सुगावारा यांच्याकडून त्या लाखकाम शिकल्या आणि तेथून फर्निचरकडे व घरांकडे वळल्या. मेक्सिकोचे वास्तुविशारद लुईस बारागान हे शिक्षणाने स्थापत्य अभियंता होते. त्यांना १९८० मध्ये वास्तुकलेतील प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. मात्र ही उदाहरणे देणारे विद्यार्थी एक गोष्ट विसरतात, ती अशी की या दोघांनीही एखादे तंत्र मुळापासून शिकलेले होते. पदवीमुळे अग्निसुरक्षा, जलनिस्सारण, विजेचा भार, बांधकामाचे नियम आणि कामाचे आराखडे या कंटाळवाण्या पण अटळ गोष्टी सक्तीने शिकाव्या लागतात. पदवी नसेल तर त्या अन्य मार्गाने शिकण्याची तयारी हवी. केवळ ‘मला सजावटीची आवड आहे’ एवढ्या भांडवलावर दुसऱ्याच्या घराचे काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

४. माझी चित्रकला बेताची आहे. अडचण येईल का?

नाही. प्रमाणात रेघ मारता येणे आणि समोरच्याला कळेल असे कच्चे रेखाटन जागेवरच करता येणे एवढे पुरेसे असते. त्यापेक्षा मोजपट्टी हातात धरून खोली बिनचूक मोजता येणे महत्त्वाचे आहे. खोलीचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात, त्यामुळे चार भिंतींबरोबर दोन्ही कर्णही मोजण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

५. पहिली काही वर्षे कोठे काम करावे, आणि स्वतःचा व्यवसाय केव्हा सुरू करावा?

शक्यतो अशा लहान कार्यालयात काम करावे, जेथे नवख्यालाही प्रत्यक्ष जागेवर पाठवले जाते. मोठ्या संस्थेत संगणकावर सुंदर चित्रे तयार करण्यात वर्षे निघून जातात आणि प्लायवूडची कड कशी बंद करतात, बिजागरी का सैल पडते, फरशीचा उतार जाळीकडे कसा काढतात, हे पाहायचे राहून जाते. सुतार, गवंडी, रंगारी आणि इलेक्ट्रिशियन यांच्याशी नीट बोलता येणे हे या व्यवसायातील अर्धे कौशल्य आहे. जो सुतार आराखडा पाहून ‘हे असे बसणार नाही’ म्हणतो, त्याचे आधी ऐकून घ्यावे. तो नेहमीच बरोबर असतो असे नाही, पण त्याच्या बोलण्यामागे काही तरी कारण असते.

एखादे काम मोजमापापासून ताबा देईपर्यंत, हिशेबासह, स्वतः सांभाळता आले की स्वतंत्र होण्याचा विचार करावा. डिझाइन हा दिवसातला लहान भाग असतो, उरलेला वेळ पत्रव्यवहार, दरपत्रके, उशिरा येणारा माल आणि लोकांची समजूत यांत जातो, हे मान्य असेल तरच.

६. प्रेरणा कोणाकडून घ्यावी? आपण स्वतः कोणाकडे पाहता?

ज्यांनी घराकडे वापरणाऱ्याच्या शरीराच्या बाजूने पाहिले, त्यांच्याकडे मी पुन्हा पुन्हा जातो. ऑस्ट्रियाच्या वास्तुविशारद मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये केलेले जर्मनीतील फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते, आणि त्या शहराच्या नव्या वसाहतींमध्ये अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. आगगाडीच्या भोजनडब्यातील अरुंद स्वयंपाकघर, कामाच्या हालचालींची मोजणी आणि पावले वाचवण्याचा हिशेब यांतून त्यांनी ही रचना केली. स्वतः त्यांनी तोवर कधी घर चालवले नव्हते किंवा स्वयंपाक केला नव्हता, असे त्यांनीच पुढे सांगितले. अनुभव नसला तरी बारकाईने पाहणे किती दूर नेऊ शकते, याचा हा पुरावा आहे. आणि त्याची मर्यादाही येथेच दिसते, कारण त्या जागेत एकच व्यक्ती काम करू शकत असे आणि घरातील इतरांपासून ती व्यक्ती तुटून पडत असे.

दुसरे नाव वास्तुविशारद आल्वार आल्टो यांचे. त्यांनी रचलेले फिनलंडमधील पायमियो येथील क्षयरोग रुग्णालय १९३३ मध्ये पूर्ण झाले. तेथील रुग्ण दिवसाचा बराच वेळ पडून असणार, म्हणून आल्टो यांनी खोलीचा विचार उताण्या माणसाच्या नजरेतून केला : छताला शांत, गडद रंग दिला, दिवा डोळ्यांवर येणार नाही अशा जागी लावला आणि शेजारच्या रुग्णाची झोप मोडू नये म्हणून पाणी आवाज न करता पडेल असे तिरके बेसिन बनवले. कोणत्याही शयनगृहाचा आराखडा हाती घेतला की मी प्रथम हेच विचारतो, की या खोलीत आडवे पडल्यावर काय दिसते.

तिसरे नाव पुन्हा आयलीन ग्रे. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ई-१०२७ हे त्यांचे घर १९२९ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी केलेल्या छोट्या गोल टेबलाचा पाय एका बाजूला असल्याने ते पलंगाखाली सरकते आणि त्याची उंची बदलता येते.

७. आपली शैली कोणती? आधुनिक, पारंपरिक की साधी?

शैली आधी ठरवून घरात शिरणे मला पटत नाही. वापर, प्रकाश आणि साठवण या तिन्हींचा हिशेब बसला की घराचे रूप बरेचसे आपोआप ठरते. उरलेले घरच्या लोकांच्या आवडीवर सोडावे.

८. पहिल्या भेटीत आपण काय विचारता? आम्ही काय तयारी करून यावे?

डिझायनर फ्लोरेन्स नोल यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेतील नोल या फर्निचर कंपनीत कार्यालयांच्या रचनेसाठी नियोजन विभाग सुरू केला, तेव्हा आराखड्यापूर्वी त्या जागेत काम करणाऱ्यांना त्यांच्या गरजा विचारण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. घरालाही ती तंतोतंत लागू पडते. सकाळी सर्वांत आधी कोण उठते आणि त्याच्या वावराने कोणाची झोप मोडते, बाहेरून आल्यावर हातातली पिशवी कोठे टेकते, ओले कपडे कोठे वाळतात, पुस्तके किती आहेत आणि आणखी किती येतील, रात्री मुक्कामाला येणारे पाहुणे वर्षातून किती दिवस असतात, हे प्रश्न रंगाच्या आवडीपेक्षा अधिक उपयोगी असतात.

येताना घरातील सामानाची यादी आणावी, त्यातले काय टाकायचे नाही यावर खूण करावी. सध्याच्या घरात रोज काय खटकते हेही लिहून आणावे. ‘आम्हाला सगळे छान हवे’ या वाक्यातून काहीही हाती लागत नाही, पण ‘दाराशी चपलांचा ढीग साचतो’ यातून एक कपाट तयार होते. घर आवरून ठेवू नये, ही विनंती. पसारा पाहूनच साठवणीचा अंदाज येतो.

९. वावरण्यासाठी किती जागा सोडावी? काही ठरलेली मापे आहेत का?

आहेत, पण ती आरंभासाठी आहेत. येण्या-जाण्याच्या मुख्य वाटेला सुमारे ९० सेंटिमीटर, सोफा आणि पुढील बुटके टेबल यांच्यात ४० ते ४५ सेंटिमीटर, जेवणाच्या टेबलाची उंची ७२ ते ७६ सेंटिमीटर आणि खुर्चीच्या बैठकीची ४३ ते ४६ सेंटिमीटर अशी मापे साधारणपणे धरली जातात. जिन्यासाठी फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लोंदेल यांनी सतराव्या शतकात मांडलेला हिशेब अजून चालतो : पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची खोली ही बेरीज ६० ते ६४ सेंटिमीटरच्या आसपास असावी. याहून महत्त्वाचे म्हणजे एका जिन्याच्या सर्व पायऱ्या सारख्या असाव्यात, कारण पाय पहिल्या दोन पायऱ्यांत लय पकडतो आणि मध्येच उंची बदलली की ठेच लागते.

माणसे उंच, ठेंगणी, जाड, लहान आणि म्हातारी असतात, त्यामुळे ही मापे त्या घरातील माणसांवर तपासून घ्यावीत. जमिनीवर चिकटपट्टीने फर्निचरची बाह्यरेषा आखून त्यातून दोन दिवस वावरून पाहणे ही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची चाचणी आहे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांच्या घरासाठी प्रश्न १८ पाहावा.

१०. स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची किती ठेवावी? कामाचा त्रिकोण पाळलाच पाहिजे का?

ओट्याची प्रचलित उंची ८५ ते ९० सेंटिमीटर असते. योग्य उंची काढायची तर ताठ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे आणि कोपरापासून १० ते १५ सेंटिमीटर खाली खूण करावी. जोर लावून करायच्या कामांना याहूनही थोडा खालचा पृष्ठभाग सोयीचा पडतो, तर भांडी घासण्याच्या सिंकचा तळ खोल असल्याने सिंकची कड ओट्यापेक्षा किंचित वर घेतली तर पाठ वाचते. उंचीत मोठा फरक असलेल्या दोन व्यक्ती रोज काम करत असतील, तर सरासरी काढू नये, कारण ती दोघांनाही त्रास देते. दोन उंचींचे दोन भाग करावेत.

शेगडी, सिंक आणि शीतकपाट यांना जोडणाऱ्या त्रिकोणाची कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील हालचालींच्या अभ्यासातून आली आणि त्याच्या तिन्ही बाजूंची बेरीज साधारण ४ ते ८ मीटर असावी असे मानले जाते. एकटी व्यक्ती काम करत असेल तर हा नियम चांगला आहे. दोघे-तिघे एकाच वेळी काम करत असतील तर त्रिकोण मोडून चिरण्याची, शिजवण्याची आणि धुण्याची ठिकाणे वेगळी करावीत आणि समोरासमोरच्या ओट्यांमध्ये १२० सेंटिमीटर जागा सोडावी.

११. दुकानात आवडलेला रंग भिंतीवर वेगळाच का दिसतो?

याची तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे लहान तुकड्यावरचा रंग चार भिंतींवर गेला की भिंती एकमेकींवर तोच रंग परावर्तित करतात आणि तो अधिक गडद, अधिक भडक वाटू लागतो. दुसरे म्हणजे दुकानातील आणि घरातील प्रकाश वेगळा असतो. दोन रंग एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्यात फटकून दिसतात, म्हणून पडद्याचे कापड आणि भिंतीचा रंग ज्या खोलीत राहणार त्याच खोलीत, दिवसा आणि दिवे लावून, दोन्ही वेळा जुळवावा.

तिसरे कारण शेजारच्या रंगाचे. पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवरचे विणलेले पडदे बनवणाऱ्या कार्यशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे काळ्या धाग्याचा रंग कमी भरतो अशी तक्रार आली. तपासाअंती धाग्याच्या रंगात दोष नव्हता. शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो तसा भासत होता. त्यांनी हा अभ्यास १८३९ मध्ये प्रसिद्ध केला. घरात याचा अर्थ असा, की लालसर लाकडी फरशीवर ‘तटस्थ’ करडी भिंत हिरवट दिसू शकते. नमुना थेट भिंतीवर न लावता मोठ्या पुठ्ठ्यावर रंगवावा, त्याभोवती पांढरी कड ठेवू नये आणि तो फरशीजवळ, खिडकीजवळ आणि अंधाऱ्या कोपऱ्यात फिरवून पाहावा.

१२. दिव्यांची निवड कशी करावी? मध्यभागी एकच मोठा दिवा पुरेसा नाही का?

एकच दिवा प्रकाश देतो, पण काम करणाऱ्याच्या हातावर त्याचीच सावली पाडतो. म्हणून खोलीभरचा सौम्य प्रकाश, कामाच्या जागेवरचा थेट प्रकाश आणि भिंतीवर किंवा एखाद्या वस्तूवर टाकलेला प्रकाश असे तीन थर वेगवेगळ्या बटणांवर ठेवावेत. राहत्या खोल्यांना २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) उबदार प्रकाश आणि कामाच्या जागांना ४००० केल्विनपर्यंतचा पांढरा प्रकाश चालतो. मात्र एकमेकांना लागून असलेल्या खोल्यांत फार तफावत ठेवू नये. दिव्याच्या वेष्टनावरील सीआरआय हा, रंग किती खरे दिसतील ते सांगणारा आकडा बहुतेक लोक पाहत नाहीत. तो ९० किंवा अधिक असेल तर त्वचा, कापड आणि लाकूड यांचे रंग खरे दिसतात.

वयाचाही विचार करावा. साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, आणि झगमग मात्र जास्त सोसवत नाही. वडीलधाऱ्यांच्या खोलीत प्रकाश वाढवावा, पण दिव्याचा गोळा थेट डोळ्यांत येऊ देऊ नये.

१३. घर सुंदर झाले, पण बोलणे घुमते. आता काय करावे?

हा प्रश्न बहुधा गुळगुळीत फरशी, काच आणि मोकळ्या भिंती असलेल्या घरांतून येतो. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सबीन यांनी १८९५च्या सुमारास एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचा अभ्यास करताना खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि गाद्या वाढल्या तसा आवाज किती लवकर विरतो हे मोजले. उपाय आजही तोच आहे : जाड गालिचा, चुणीदार पडदे, कापडी बैठक, भरलेली पुस्तकांची मांडणी. शेजारच्या खोलीतून येणारा आवाज ही वेगळी समस्या आहे. तेथे मऊ वस्तूंचा उपयोग होत नाही, दाराच्या फटी बुजवाव्या लागतात आणि भिंत जड करावी लागते.

१४. नव्या कपाटांना येणारा उग्र वास हानिकारक असतो का?

प्लायवूड आणि भुशाचे फळे चिकटवण्यासाठी वापरलेल्या राळेतून फॉर्माल्डिहाइड हा वायू बाहेर पडतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ मध्ये त्याला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो अधिक बाहेर पडतो. त्यामुळे कमी उत्सर्जनाचे फळे मागावेत, आतल्या बाजू आणि कापलेल्या कडाही लॅमिनेटने किंवा कडपट्टीने पूर्ण बंद करून घ्याव्यात, आणि काम संपल्यावर लगेच राहायला न जाता खिडक्या उघड्या ठेवून घर काही आठवडे हवेशीर ठेवावे. सुगंधी फवारे मारल्याने वास झाकला जातो, वायू जात नाही.

१५. शुल्क कसे ठरते आणि अंदाजपत्रक नेहमी का वाढते?

ठरावीक रक्कम, क्षेत्रफळानुसार दर, तासानुसार दर किंवा एकूण खर्चाची टक्केवारी अशा पद्धती आहेत. टक्केवारीत खर्च वाढला की डिझायनरचे उत्पन्न वाढते, ही विसंगती ग्राहकाने समजून घ्यावी आणि त्याविषयी मोकळेपणाने विचारावे. दुकानदाराकडून डिझायनरला काही मिळते का, हेही करारात लिहून घ्यावे. अंदाजपत्रक वाढते ते मुख्यतः काम सुरू झाल्यावर केलेल्या बदलांमुळे आणि भिंत उघडल्यावर दिसणाऱ्या जुन्या ओलीमुळे. म्हणून १० ते १५ टक्के रक्कम बाजूला ठेवूनच आरंभ करावा. कपात करायचीच असेल तर दिखाऊ पृष्ठभागात करावी. वायरिंग, नळ, जलरोधन आणि बिजागऱ्या यांत करू नये.

१६. घरातील दोघांची मते जुळत नाहीत. डिझायनरने कोणाची बाजू घ्यावी?

कोणाचीही नाही. मतभेद बहुतेक वेळा वस्तूंच्या रूपावर होत असले तरी खाली झगडा सवयींचा असतो : एकाला सगळे कपाटाआड हवे असते आणि दुसऱ्याला वस्तू नजरेसमोर असल्याखेरीज सापडत नाही. अशा वेळी एकच शैली लादण्याऐवजी दोघांना स्वतःचा एकेक कोपरा द्यावा आणि सामायिक खोल्यांत दोघांनाही न खटकणारा पर्याय ठेवावा. जो त्या जागेत अधिक वेळ काम करतो, त्याच्या सोयीला झुकते माप द्यावे.

१७. संगणकाने तयार केलेले एक चित्र आवडले आहे. अगदी तसेच घर करून मिळेल का?

चित्र आवर्जून दाखवावे. त्यातून आवड कळते. पण त्या चित्रांत भिंतीला जाडी नसते, खिडकी चारही बाजूंनी उजेड देते आणि विजेचे एकही बटण दिसत नाही. खऱ्या खोलीच्या मापांवर आणि छताच्या उंचीवर बेतलेले चित्र असेल तरच ते आराखड्याचा पाया होऊ शकते. चित्रातील नेमके काय आवडले, प्रकाश, मोकळेपणा की एखादे लाकूड, हे वेगळे काढून सांगितले तर त्याचा उपयोग होतो.

१८. वृद्ध किंवा चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती घरात आहे. कोणते बदल अटळ आहेत?

चाकाची खुर्ची वळण्यासाठी सुमारे १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा आणि दारातून किमान ८० सेंटिमीटर, शक्य असल्यास ९०, निव्वळ वाट लागते. ‘निव्वळ’ म्हणजे दार उघडल्यावर उरणारी. उंबरे काढावेत, न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, कारण आत पडलेली व्यक्ती दारालाच अडते. आधाराची दांडी आज लावायची नसली तरी भिंतीत तिच्यासाठी मजबुती करून ठेवावी. फरशी आणि भिंत यांच्या रंगांत स्पष्ट फरक असावा, म्हणजे अधू नजरेला कड कळते.

१९. भाड्याच्या घरात किंवा थोड्या काळासाठी राहायचे असेल तर डिझायनरकडे जावे का?

एका सल्लाभेटीपुरते जावे. दिवे, पडदे, सुटे फर्निचर आणि त्याची मांडणी एवढ्यातच बराच फरक पडतो आणि ते सगळे पुढच्या घरात नेता येते. भिंतीला जखडलेल्या कपाटांवर पैसा घालवू नये. सुटे फर्निचर घेताना ते पुढच्या घराच्या दारातून आणि जिन्यातून जाईल की नाही, हे मात्र पाहावे.

२०. जुन्या घरात मधली भिंत काढून मोठी खोली करता येईल का?

आवाजावरून किंवा जाडीवरून भिंतीचा स्वभाव ओळखू नये. भार पेलणारी भिंत कोणती, हे संरचना अभियंत्याने लेखी द्यावे आणि स्थानिक परवानगी घ्यावी; डिझायनरच्या तोंडी आश्वासनावर हातोडा उचलू नये. पातळ दिसणारी भिंतही कधी कधी वरच्या तुळईला आधार देत असते, आणि बाजूच्या बांधकामातील पूर्वीच्या बदलांमुळे मूळ नकाशाही खोटा ठरू शकतो.

जुन्या रंगात शिसे आणि जुन्या पत्र्यांत, पाइपच्या आवरणांत किंवा फरशांत ॲस्बेस्टॉस हे श्वासातून गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज असण्याची शक्यता असते. अमेरिकेत घरांच्या रंगातील शिशावर १९७८ मध्येच बंदी आली, इतरत्र ती वेगवेगळ्या वर्षी आली. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांना तिचा सर्वाधिक धोका असतो. संशय असेल तेथे आधी नमुना तपासून घ्यावा, नंतर काम करावे.

२१. काम पूर्ण झाल्यावर आम्ही स्वतः बदल केले तर चालेल का?

घर आपले आहे. फर्निचर हलवावे, रंग बदलावा, आम्ही लावलेले चित्रही काढून टाकावे. दोन बाबतींत मात्र थांबावे. भिंतीत खिळा किंवा ड्रिल घालण्यापूर्वी वायर आणि पाइप कोठून गेले आहेत याचा अंतिम आराखडा पाहावा, म्हणूनच ताबा घेताना तो मागून घेणे आवश्यक आहे. प्लास्टर करण्यापूर्वी उघड्या भिंतींची छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी धरून, काढून ठेवली असतील तर आणखी उत्तम. न्हाणीघराच्या आणि गच्चीच्या फरशीला छिद्र पाडणे मात्र आराखडा हाती असला तरी टाळावे, कारण तिच्याखालील जलरोधक थर एकदा फुटला की तो फरशी उखडल्याशिवाय दुरुस्त होत नाही.